कानाचे यंत्र आणि लांबलेली वाट

मागील अंकात या पानावर हरभऱ्यावरील घाटेअळीची माहिती दिली होती. त्यावर दोघातिघांनी येऊन शंका विचारल्या, त्यांची उत्तरे पुढील अंकी देऊ. या वेळी पिकाला थोडे बाजूला ठेवून आम्ही कानाविषयी लिहीत आहोत. कारण असे की, गेल्या दीडदोन वर्षांत आमच्या धर्मग्रामातील पाच माणसांचे कागद आम्ही कानाच्या यंत्रासाठी हाताळले आणि त्यांपैकी दोघांच्याच हाती आजवर यंत्र पडले आहे. बाकीचे तिघे वाट पाहत आहेत. त्यांतील एक मूल आहे, आणि तेच आमच्या मनाला अधिक टोचते.

पण आधी थोरल्या अप्पांची हकिगत सांगतो. त्यांची परवानगी घेऊन सांगत आहोत, नाव मात्र लिहीत नाही. जुन्या हुबळीच्या पलीकडे त्यांचे पाच एकर काळे रान. जोंधळा, कापूस, थोडी मिरची. वय सत्तरीच्या पुढे. रविवारच्या मिस्साला कधी चुकले नाहीत. मिस्सा संपल्यावर दारात उभे राहून आम्ही विचारायचो, “काय अप्पा, पाऊस कसा काय?” ते म्हणायचे, “बरी हाय फादर, गुडघं तेवढं दुखत्यात तिचं.” भोवतालची मंडळी हसत, आम्हीही हसत असू. पापनिवेदनाला ते आले म्हणजे आम्हांला त्यांना आतल्या खोलीत न्यावे लागे, कारण त्यांचे निवेदन शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाई. याचीही आम्ही मौजच मानली. माणूस मोठ्याने बोलतो तेव्हा त्याला स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नसतो, हे आम्हांला ठाऊक नव्हते असे नाही. लक्षात घेतले नाही एवढेच.

मग त्यांच्या घरी वाटणीची बैठक झाली. थोरल्या मुलाचे म्हणणे, ओढ्याकडचे दीड एकर लेआउटवाल्यांना द्यावे, पैसा येईल, धाकट्याचे कर्ज फिटेल आणि नातीचे लग्नही होईल. घरच्यांनी आम्हांला मुद्दाम बोलावले होते. सहासात माणसे एकदम बोलत होती, डोक्यावर पंखा फिरत होता, बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर उभा राहून धडधडत होता. मुलाने सगळे अटीनिशी सांगितले. अप्पा मान डोलावून “हो, हो” म्हणाले. आम्हीही विचारले, “अप्पा, तुमची संमती आहे ना?” ते हसून “हो फादर” म्हणाले. विसार घेतला गेला.

आठवडाभराने रानात मोजणीचे दगड दिसले तेव्हा अप्पा सायकल टाकून आमच्याकडे आले. डोळ्यांत पाणी आणि संताप दोन्ही. “माझं रान कुणी इकलं?” मुलगा मागोमाग आला. तो म्हणाला, “फादर, तुमच्यादेखत हो म्हणाले की!” खोटे नव्हते ते. पण अप्पांनी त्या बैठकीतले एक वाक्यही धड ऐकले नव्हते. नातीच्या लग्नाची बोलणी चालली आहेत असे समजून ते हसत होते. ऐकू न येणारा माणूस चारचौघांत पुन्हा पुन्हा “काय म्हणालात?” विचारून कंटाळतो, समोरचाही कंटाळतो, आणि मग सगळ्याला “हो” म्हणण्याची सवय लागते. विसार परत करताना घरातल्या सोन्याला हात लावावा लागला. बापलेकांचे बोलणे चार महिने बंद होते. त्या बैठकीत आम्ही साक्षीदार म्हणून बसलो होतो, आणि आमचा प्रश्न आम्ही आमच्या नेहमीच्या हळू आवाजात, पंख्याखाली बसून विचारला होता, हे आम्ही विसरू शकत नाही.

म्हणून जूनमध्ये, पेरणीची घाई असतानाही, आम्ही त्यांना घेऊन निघालो. पुढची हकिगत थोडी विस्ताराने लिहितो, कारण वाचकांपैकी ज्याला ही वाट चालायची आहे त्याला टप्पे ठाऊक असावेत. कोणत्या इस्पितळात वा कचेरीत काय झाले त्यांची नावे देण्याचे प्रयोजन नाही. तिथली माणसे वाईट नव्हती, कामाच्या मानाने थोडी होती.

पहिल्या सरकारी इस्पितळात कान तपासणारे यंत्र होते, ते चालविणारा माणूस नव्हता. मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी मिळाली. तिथे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी आत पाहिले, मळ काढला, आणि ऐकण्याच्या चाचणीला तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. चाचणी म्हणजे बंद खोलीत कानावर फोन लावून बारीकमोठे सूर ऐकवतात आणि ऐकू आला की बटण दाबायचे. अप्पांचा उजवा कान ६२ डेसिबल, डावा ६८. म्हणजे एवढा आवाज केल्याशिवाय त्या कानांना पत्ता लागत नाही. आपले नेहमीचे बोलणे साठच्या आसपास असते, यावरून काय ते समजावे.

मग अपंगत्वाचा दाखला. तो देणारे डॉक्टरांचे मंडळ ठराविक वारी बसते. पहिल्या खेपेला एक डॉक्टर रजेवर, दुसऱ्या खेपेला काम झाले. आता या दाखल्याबरोबर सरकारचे यू.डी.आय.डी. नावाचे ओळखपत्र निघते, ते यायला आणखी तीन महिने गेले. नाडकचेरीतून उत्पन्नाचा दाखला. आधार, रेशन कार्ड, फोटो. डिसेंबरात तपासणीचे शिबिर लागले. अप्पांना वाटले, आज यंत्र मिळणार, म्हणून नवे धोतर नेसून आले होते. शिबिरात नाव, मोजमाप आणि कागद घेतले, आणि सांगितले की यंत्र वाटपाच्या शिबिरात मिळेल. वाटपाचे शिबिर पुढल्या सप्टेंबरात झाले. जून ते सप्टेंबर, मोजून पंधरा महिने. एक खरीप, एक रब्बी आणि पुन्हा खरीप.

या वाटेवर आम्हांला अनेकदा प्रश्न पडला की, हे असे का व्हावे? सरकारने काही केलेच नाही असे नाही. कानपूरला सरकारचा कृत्रिम अवयव बनविणारा कारखाना १९७२ साली स्थापन झाला. त्याला लोक ‘अलिम्को’ म्हणतात. १९८१ हे वर्ष जगभर अपंगांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले गेले, आणि त्याच वर्षी केंद्र सरकारची साधने पुरविण्याची ‘एडिप’ योजना सुरू झाली. त्याआधीच १९६५ साली म्हैसूरला वाणी आणि श्रवणाची अखिल भारतीय संस्था निघाली होती. हुबळीहून रात्रीच्या गाडीने तिथे जाता येते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ मध्ये आली. बहिरेपणा टाळण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ साली काही जिल्ह्यांत चालू झाला आणि मग पसरला. म्हणजे पाया घातलेला आहे.

अडचण अशी की कानाचे यंत्र हे फवारणीच्या पंपासारखे नाही, की ट्रकमधून उतरविले आणि एकेकाच्या हाती दिले. आधी कान तपासावा लागतो, मग किती सूर किती वाढवायचे ते ठरवावे लागते, मग कानाच्या आकाराचा साचा घ्यावा लागतो, आणि यंत्र बसविल्यावर पुन्हा दोनतीनदा बोलावून ते जुळवावे लागते. हे काम करणारा श्रवणतज्ज्ञ लागतो, आणि असे तज्ज्ञ मोठ्या शहरांत गोळा झालेले आहेत. तालुक्याच्या गावी ते क्वचित. मग उपाय म्हणून शिबिर. शिबिराला पुरेशी नावे जमेपर्यंत थांबायचे, नावे गेली की यंत्रे येईपर्यंत थांबायचे, यंत्रे आली की वाटपाची तारीख ठरेपर्यंत थांबायचे. त्या तारखेला कोण पाहुणे येणार यावरही कधी कधी थांबायचे, हे लिहायला नको होते, पण लिहिले.

आपल्याकडेच असे घडते असेही नाही. इंग्लंडात ५ जुलै १९४८ रोजी सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली आणि त्याबरोबर ‘मेड्रेस्को’ नावाचे कानाचे यंत्र लोकांना फुकट मिळू लागले. ते खिशात ठेवायचे, त्याची बॅटरी वेगळी आणि जड, वायर कानापर्यंत. तरीही मागणी एवढी उसळली की लांबच लांब रांग लागली. कानामागे बसणारे छोटे यंत्र तिथल्या सरकारी सेवेत यायला १९७४ साल उजाडले, तोवर पैसेवाल्यांनी ते बाजारातून केव्हाच घेतले होते. त्याच काळात तिथल्या पार्लमेंटात जॅक अॅश्ली नावाचे खासदार होते. १९६७ साली कानाच्या शस्त्रक्रियेनंतर ते पूर्ण बहिरे झाले, पण राजीनामा न देता समोरच्याचे ओठ वाचत पार्लमेंटात बसले आणि अपंगांचे प्रश्न मांडत राहिले. अमेरिकेने दुसरी वाट धरली. ऑक्टोबर २०२२ पासून तिथे सौम्य आणि मध्यम बहिरेपणाच्या मोठ्या माणसांना डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून दुकानातून यंत्र घेता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालात म्हटले आहे की, जगात सुमारे ४३ कोटी लोकांना ऐकण्यासाठी उपचार वा साधनाची गरज आहे, आणि ज्यांना यंत्राचा उपयोग होईल अशा शंभरांपैकी सतरा जणच ते वापरतात. आपल्या देशाच्या २०११ च्या जनगणनेत ऐकण्याचे अपंगत्व असलेले ५० लाखांवर लोक नोंदले गेले. जे मान डोलावून “हो, हो” म्हणतात ते त्यात कितपत आले असतील, याची आम्हांला शंका आहे.

आता कायद्याचे एक कलम नीट समजून घ्या, कारण आमच्या पाचांपैकी एक बाई तिथेच अडकली आहे. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याप्रमाणे दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलची हानी असेल तर ‘कमी ऐकू येणारा’ आणि ७० च्या पुढे असेल तर ‘बहिरा’ असे मानतात. एडिप योजनेला निदान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. पण ज्याचे कान ५० डेसिबलवर आहेत त्यालाही चर्चमधले प्रवचन कळत नाही, बाजारातला भाव कळत नाही, सुनेचे बोलणे अर्धवट कळते आणि त्यावरून भांडणे होतात. त्याला त्रास आहे, पण दाखला नाही. या बाईंचे वय बासष्ट आहे, म्हणून आम्ही त्यांचे कागद १ एप्रिल २०१७ पासून चालू झालेल्या ‘राष्ट्रीय वयोश्री’ योजनेकडे वळविले. ती साठीच्या पुढच्या गरिबांसाठी आहे आणि वयोमानाने आलेला बहिरेपणा तीत धरलेला आहे. तिथेही काम शिबिरानेच होते. बाई वाट पाहत आहेत. पन्नाशीतल्या माणसाला मात्र ही वाट खुली नाही.

एडिप योजनेत पूर्वी महिन्याला १५,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना साधन फुकट मिळे. ही मर्यादा पुढे २२,५०० झाली, आणि ३०,००० पर्यंत निम्मी किंमत सरकार देते. तेव्हा “आपल्याला कुठे मिळणार” म्हणून बसून राहिलेल्यांनी पुन्हा हिशेब करून पाहावा. आणखी एक गोष्ट. एकदा साधन घेतले की तीन वर्षे पुन्हा मागता येत नाही, बारा वर्षांखालील मुलांना ही अट एक वर्षाची आहे. म्हणून पहिले यंत्र जपून वापरावे लागते.

आता त्या मुलाविषयी. तीन वर्षांचे झाले तरी बोलत नव्हते. घरचे म्हणत, “त्याचा बापही उशिराच बोलला होता.” शेजारणी म्हणत, मुलगे उशिरा बोलतात. सिस्टर आपल्या दवाखान्यात त्याच्या पाठीमागे उभ्या राहून थाळी वाजवू लागल्या तेव्हा त्याने मान वळविली नाही, एवढ्यावरून शंका आली. वाचकहो, म्हाताऱ्या माणसाने पंधरा महिने वाट पाहिली तर त्याचे पंधरा महिने जातात, आणि कदाचित दीड एकर रान जाते. मुलाचे पंधरा महिने गेले तर भाषा जाते. बोलणे शिकण्याची मेंदूची ओढ पहिल्या तीन वर्षांत सर्वांत जोराची असते, पुढे ती कमी होत जाते. म्हणून या विषयातील डॉक्टर सांगतात की मूल एक महिन्याचे होण्याआधी त्याच्या कानाची पहिली चाचणी व्हावी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान व्हावे आणि सहाव्या महिन्यापर्यंत यंत्र वा उपचार सुरू व्हावा. तान्ह्या मुलाला बटण दाबता येत नाही, पण त्याला झोपवून डोक्याला तारा चिकटवून मेंदूपर्यंत आवाज पोचतो की नाही हे पाहण्याची ‘बेरा’ नावाची चाचणी आहे. ती दुखत नाही. यंत्राचा उपयोग होत नसेल अशा मुलाच्या कानात शस्त्रक्रियेने ‘कॉक्लिअर इम्प्लांट’ बसवितात. सरकारी योजनेतही ते आहे, पण जन्मतः न ऐकणाऱ्या मुलासाठी तिथे वयाची पाच वर्षे ही मर्यादा आहे. आमच्या मुलाचे चवथे वर्ष चालू आहे. त्याचे कागद आम्ही शिबिराची वाट न पाहता थेट म्हैसूरला नेले. पुढल्या महिन्यात पुन्हा जायचे आहे.

घरी तान्हे मूल असेल तर एवढे करावे. ते झोपेत असताना दार आपटले तर दचकते का, आई मागून बोलली तर शांत होते का, सहा महिन्यांनंतर आवाजाकडे मान वळविते का, वर्षाचे झाल्यावर बाबा-आई असे काही बोलू लागते का. शंका आली तर अंगणवाडीच्या बाईंना सांगावे. २०१३ पासून मुलांच्या तपासणीचा सरकारी कार्यक्रम आहे आणि ऐकण्याची तपासणी त्याचा भाग आहे. “थांबून पाहू” असे म्हणू नये.

मोठ्या माणसांसाठी आमची पहिली विनंती अशी की यंत्राच्या रांगेत उभे राहण्याआधी कान उघडून दाखवा. आमच्या पाचांआधी एक सहावी बाई होती. तिने मनाने आपले नाव यादीत घातले होते. सिस्टरांनी कानात पाहिले तर मळाचा दगड झाला होता. चार दिवस तेलकट थेंब घालून तो मऊ केला, डॉक्टरांनी काढला, आणि बाई म्हणाली, “अगंबाई, पाखरं केवढी ओरडत्यात!” रांग तिथेच संपली. मळ काढण्यासाठी हेअरपिन, काडी, किल्ली, कापसाची बडकी यांपैकी काहीही कानात घालू नका. त्याने मळ आत ढकलला जातो. जत्रेत पगडीवर कापूस खोचून फिरणाऱ्या कान-कोऱ्यांच्या हाती तर कान मुळीच देऊ नका. पडद्याला भोक असेल तर ते मोठे होते.

ज्याचा कान वाहतो त्याने तो वाहू देऊ नये. लहानपणी सर्दी होऊन कान फुटला, घरात त्यात गरम तेल, लसणीचा रस, कुणी गोमूत्रही घातले, आणि पुढे जन्मभर पू येत राहिला, अशी माणसे आमच्या धर्मग्रामात किती तरी आहेत. फुटलेल्या कानात काहीही घालायचे नाही. अंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा ठेवावा, कान कोरडा ठेवावा, आणि डॉक्टरांकडे जावे. पडद्याचे भोक शस्त्रक्रियेने बुजविता येते आणि पुष्कळांना त्यानंतर यंत्राची गरज उरत नाही. काही औषधांनी कान जातो, हेही लक्षात ठेवा. क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन आणि जेंटामायसिनसारखी इंजेक्शने यांपैकी आहेत. ती लागलीच तर घ्यावी लागतात, पण कानात शिटी वाजू लागली किंवा चक्कर आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे.

आणि आवाज. हुबळी हे रेल्वेचे गाव, इथल्या जुन्या लोकांना घणाचा आवाज काय असतो ते ठाऊक आहे. ग्लासगो शहरातील डॉक्टर थॉमस बार यांनी १८८६ साली बॉयलर बनविणाऱ्या शंभर कामगारांचे कान तपासले, तेव्हा एकाचेही ऐकणे धड निघाले नाही. आता घणांचे काम कमी झाले, पण आपल्या रानात ट्रॅक्टर आला, डिझेल पंप आला, मळणीयंत्र आले. ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तास हीच मर्यादा मानतात, आणि त्यावर दर तीन डेसिबलला ती निम्मी होते. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन. उघड्या ट्रॅक्टरवर बसणाऱ्याच्या कानाशी नव्वदच्या वर आवाज सहज जातो. त्यात आमचे काही तरुण सायलेन्सर काढून, वर गाणी लावून नांगरट करतात. त्यांना सांगून पाहिले, ऐकत नाहीत. आणखी काही वर्षांनी खरोखरच ऐकणार नाहीत. कानात साधा कापूस घालून भागत नाही. स्पंजचे बोळे मिळतात, थोड्याच पैशांत, ते दाबून आत घालावे लागतात. मळणीच्या दिवसांत तेवढे तरी करावे.

यंत्र हाती आल्यावर पुढे काय, याची कुणी कल्पना देत नाही, म्हणून अप्पांचेच सांगतो. पहिल्या दिवशी त्यांनी ते लावले आणि दहा मिनिटांत काढून ठेवले. “फादर, भांडी आपटल्यागत वाजतंय,” म्हणाले. खरे आहे. इतकी वर्षे जे आवाज ऐकू येत नव्हते ते सगळे एकदम येतात: पंखा, भांडी, स्वतःची चप्पल. मेंदूला त्यांची पुन्हा ओळख व्हावी लागते. पहिल्या आठवड्यात घरातच, एका माणसाशी बोलताना, तासभर लावावे. मग हळूहळू वेळ वाढवावा. बाजार आणि चर्च शेवटी. अप्पांचे यंत्र शिटीही घालत होते, कारण त्याबरोबर आलेली रबरी टोपी त्यांच्या कानात सैल बसत होती. कानाचा साचा घेऊन नवी टोपी केली तेव्हा शिटी थांबली. पेटीत कपड्यांखाली पडून राहिलेली यंत्रे पुष्कळदा एवढ्याशा कारणाने तिथे गेलेली असतात. आपल्या घरात असे एखादे असेल तर बाहेर काढा.

सेल घड्याळाच्या सेलसारखा दिसतो, पण घड्याळाचा चालत नाही. त्यावर रंगीत पट्टी असते. ती काढली की आत हवा जाऊन सेल जागा होतो आणि यंत्र बंद ठेवले तरी तो उतरू लागतो, म्हणून पट्टी आधीच काढून ठेवू नये. एक सेल साधारण आठवडा ते दोन आठवडे जातो. रात्री यंत्राचे झाकण उघडे ठेवावे. पावसाळ्यात आणि घामाच्या दिवसांत ते घट्ट झाकणाच्या डबीत, औषधाच्या बाटलीत येते तशी ओल शोषणारी पुडी घालून ठेवावे. अंघोळीला, पोहायला, फवारणीला जाताना काढावे. बाजारात काही शे रुपयांत “ऐकण्याची मशीन” मिळते ती घेऊ नका. ती सगळेच आवाज सरसकट मोठे करते, तुमच्या कानाला कोणता सूर किती हवा हे तिला ठाऊक नसते, आणि ट्रॅक्टरचा आवाजही ती मोठा करून कानात ओतते.

वाट पाहण्याच्या काळात घरच्यांनी करायचे ते सोपे आहे. कमी ऐकणाऱ्या माणसाशी ओरडून बोलू नये, ओरडण्याने शब्द फाटतात. समोर येऊन, तोंडावर उजेड राहील असे उभे राहून, जरा सावकाश बोलावे. तोंडावर पदर किंवा हात नको. बोलण्याआधी पंखा, टीव्ही बंद करावा. एखादे वाक्य कळले नाही तर तेच पुन्हा न म्हणता निराळ्या शब्दांत सांगावे. आणि पैशाची, जमिनीची, औषधाची गोष्ट असेल तर त्यांच्याच तोंडून पुन्हा वदवून घ्यावी: “अप्पा, काय ठरलं ते सांगा बघू.” नुसत्या “हो” वर विसंबू नये. आमच्या चर्चमध्येही आम्ही थोडा बदल केला आहे. लाउडस्पीकरचा आवाज वाढवून घुमतो फार, म्हणून तो उलट कमी केला, आणि डावीकडील पहिली दोन बाके कमी ऐकणाऱ्यांसाठी ठेवून त्यांच्यावरचा पंखा मिस्साच्या वेळी बंद ठेवतो. तिथे उकडते अशी तक्रार आली आहे. वेदीपासचे वाचन करणाऱ्यांनीही पुस्तकात तोंड खुपसून वाचू नये, ही विनंती.

अप्पा आता यंत्र लावतात. थोरल्या मुलाशी बोलणे सुरू झाले आहे, ओढ्याकडच्या रानात या वर्षी जोंधळा आहे. परवा मिस्सानंतर ते म्हणाले, “फादर, तुमचं प्रवचन एवढं लांब असतंय हे आत्ता कळलं.”

पुढील महिन्यापासून दर गुरुवारी संध्याकाळी सहा ते साडेसात आम्ही आणि सिस्टर धर्मग्रामाच्या कचेरीत कानाच्या कागदांसाठी बसू. येताना आधार कार्ड, रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला असल्यास तो, दोन फोटो आणि पूर्वीचे कानाचे काही कागद असतील तर ते आणावेत. सिस्टर आधी कान पाहतील. कोणी कोणत्या तारखेला कुठे अर्ज दिला आणि पुढे काय झाले याची एक वही आम्ही ठेवली आहे. तीन महिने काही उत्तर आले नाही तर आम्ही कचेरीच्या सहीशिक्क्यासह पत्र पाठवू आणि त्याची नक्कल तुम्हांला देऊ. ज्यांच्या घरी तीन वर्षांखालील मूल आहे आणि ते बोलत नाही, त्यांनी गुरुवारची वाट पाहू नये, कोणत्याही दिवशी यावे. ऐकू न येणाऱ्या व्यक्तीबरोबर घरातील एकाने यावे, आणि शक्य तर कर्त्या मुलानेच यावे.